खंडेरावांचे दोन पाय

नाशिक,
दुःखसप्ताहातला मंगळवार, सकाळचे सहा

ती. मार्थाताईस,

ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची अंगं पुसली, चादरी बदलल्या, बेडपॅन धुतले आणि ज्यांचं नाव कुठल्याही मंडळीच्या व्यासपीठावरून कधी घेतलं गेलं नाही, अशा समस्त बायकांमधली मला ठाऊक असलेली सर्वांत थोरली तू. तुला धाकट्या शांतवनचा प्रभूमध्ये सलाम. तुम्हा सगळ्यांची तक्रार जुनी आहे आणि खरी आहे. आपल्या समाजात बोलणाऱ्याच्या गळ्यात हार पडतो आणि करणाऱ्याच्या हातात बादली राहते. ही तक्रार आता माझीही आहे. (इतकी वर्षं हार माझ्याच गळ्यात होता, म्हणून मला ती दिसत नव्हती. हार जाड असला की हनुवटीपर्यंत येतो, खालचं काही दिसत नाही.)

तुझी तब्येत बरी असेल अशी आशा करतो. गुडघे कसे आहेत? दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला असं ऐकलं. तू कळवलं नाहीस, पण आमच्या गल्लीतला सलीम रोज बेकरीची गाडी घेऊन कळवणला येतो, आणि खारी-टोस्ट उतरवून परत येताना बातम्या भरून आणतो. सत्तरी ओलांडल्यावरही तू गावातल्या बायकांना इंजेक्शनं देतेस आणि दुखलं म्हणणाऱ्यांना रागावतेस, हेही त्याच्याकडूनच कळलं. इकडे संध्या बरी आहे. रक्तदाब सोडला तर मी बरा आहे. आमचे शेजारी खंडेराव बरे नाहीत, आणि हे पत्र त्यांच्याबद्दल आहे, पण माझी सवय तुला माहीत आहे. मी सुरुवातीपासून सुरुवात केल्याशिवाय शेवटाला पोहोचत नाही. एवढ्या वेळेला धीर धर. माझा नंबर तू फोनवर बंद करून ठेवला आहेस, त्यामुळे पत्राशिवाय माझ्याकडे मार्ग नाही. ते घेऊन आलेला सलीम ओट्यावर बसला असेल. त्याला पाणी दे. चहा नको म्हणेल, पण घेतो.

खंडेराव तुला आठवतील. आमच्या रो-हाउसची आणि त्यांची भिंत एकच. एसटीत ड्रायव्हर होते, मूळचे सिन्नरकडचे, आवाज अजून घाटातल्या वळणावर हॉर्न दिल्यासारखा. अकरा वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली तेव्हा तू सुट्टीवर आमच्याकडे होतीस. ती भिंत चार इंची आहे (बिल्डरने नऊ इंची सांगितली होती, पण तो विषय वेगळा, त्यावर मी सोसायटीच्या सभेत बोललो आहे). शाळेतून निवृत्त झालो तरी मंडळीतला रविवारचा संदेश अजून माझ्याकडेच आहे, आणि तो मी दर शनिवारी संध्याकाळी मोठ्याने म्हणून पाहतो. तू ते लहानपणी सोसलंस, खंडेरावांनी एकोणीस वर्षं सोसलं. पलीकडून काठीचा एक ठोका आला तर समजायचं की आवाज वाढला, दोन आले तर संदेश लांबला. तीन ठोके एकदाच आले, तेव्हा मी नरकावर बोलत होतो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सोसायटीकडे लेखी अर्ज केला की शेजारी दर आठवड्याला भाषण करतात आणि श्रोता मी एकटाच आहे. मी त्याला चार पानी उत्तर दिलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

आता यंदाच्या लेंटच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी येतो. आपल्या चर्चमध्ये ईस्टरआधीच्या दुःखसप्ताहातल्या गुरुवारी बारा जणांचे पाय धुतात, ते तुझ्या डोळ्यांसमोर असेल. कोणाचे पाय धुतात? जे घरून धुऊन आणलेले असतात त्यांचे. बारा खुर्च्या, बारा माणसं, नवे मोजे. गेल्या वर्षी एका पंचांच्या बोटांमध्ये पावडर होती. एक जण पार्लरमध्ये जाऊन टाचा घासून आला होता, हे त्याच्या बायकोनेच अभिमानाने सांगितलं. पाळकसाहेबांनी बाराव्या माणसाचे पाय धुऊन झाल्यावर घंगाळातलं पाणी इतकं नितळ होतं की त्यात भात टाकता आला असता. ते पाणी पाहून मी वर्षभर धुमसत होतो. ज्याने शिष्यांचे पाय धुतले त्याच्यासमोर गालिलच्या रस्त्यांवरची धूळ आणि शेण बसलेले पाय होते, पावडर लावलेले नव्हते. मी त्या रविवारी हेच बोललो, आणि ताई, मी चांगला बोललो. ज्याचे पाय खरोखर मळले आहेत, खरोखर सडले आहेत, त्याच्याकडे जा म्हणालो. ज्याचं तोंड पाहायला नको वाटतं त्याच्याकडे जा म्हणालो. आणि शेवटी म्हणालो की मी स्वतः हे चाळीस दिवस माझ्या भिंतीपलीकडच्या माणसाचे पाय धुणार आहे. बाया रडल्या. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला.

माझ्या लक्षात राहिली नाही ती एकच गोष्ट. आदल्या दिवशी, शनिवारी, हे सगळं मी भिंतीला ऐकवलं होतं. त्या संध्याकाळी एकही ठोका आला नाही. मला वाटलं, भिंतीला पाझर फुटला.

उपासनेहून घरी आलो तर खंडेराव आमच्या ओट्यावर, आमच्याच खुर्चीत बसलेले. डावा पाय संध्याच्या कुंडीवर ठेवलेला, त्याला मळकं बँडेज.

"आलात मास्तर. धुवा."

दोन वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. मी म्हणालो, बसा, आलोच, आणि आत जाऊन पाच मिनिटं देवघर शोधावं तसा घरभर फिरलो. (आपल्याकडे देवघर नसतं हे माझ्या ध्यानातच नव्हतं.) संध्या दारातून म्हणाली, "आत काय शोधताय, पाय बाहेर आहे."

त्यांना साखरेचा आजार आहे, बऱ्याच वर्षांचा. नव्या चपलेने अंगठ्याखाली लागलं, पायाला संवेदना नाही म्हणून कळलं नाही, आणि कळलं तेव्हा सुपारीएवढं भोक पडलं होतं. डॉक्टरांनी साफ करून दिलं होतं आणि सांगितलं होतं की रोज ड्रेसिंग, पायावर भार नाही आणि कुठे काळं दिसलं की लगेच यायचं, नाहीतर पाय काढावा लागेल. मुलगा रविराज हैदराबादला असतो. तो गुणी आहे, गोळ्या, पट्ट्या, सलाइनच्या बाटल्या, पायाखाली घ्यायची उशी, सगळं घरपोच पाठवतो. फक्त हात पाठवता येत नाही.

पहिल्या दिवशी मी बँडेज सोडलं आणि त्यानंतरचं मला आठवत नाही. संध्या सांगते की मी अतिशय सावकाश, प्रार्थनेला गुडघे टेकावेत तसा खाली गेलो. डोळे उघडले तेव्हा खंडेराव वर्तमानपत्राने मला वारा घालत होते आणि म्हणत होते, "पाय माझा हाय, मास्तर. तुम्ही कामून पडता?" दुसऱ्या दिवशी संध्याने मला मागून धरलं. तिसऱ्या दिवशी मी खिडकीकडे पाहत ड्रेसिंग केलं आणि पट्टी त्यांच्या घोट्याला बांधली. पाचव्या दिवशी मी जखमेकडे पाहिलं. मार्थाताई, मी चाळीस वर्षं जखमांवर बोलत आलो आहे. येशूच्या पाच जखमांवर मी टिपण न घेता तासभर बोलू शकतो. खरी जखम मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि तिच्याबद्दल मला काहीच बोलायचं नव्हतं. तिला एक वास होता आणि तो वास माझ्या ओळखीचा होता. आईच्या खोलीतला. शेवटच्या चौदा महिन्यांत त्या खोलीच्या दारापर्यंत मी रोज यायचो, प्रार्थना करायचो आणि परत जायचो. आत तू असायचीस.

हे मी पुढे सांगणार होतो, पण आलं ते आलं.

तर मग रोज सकाळी आठला मी पलीकडे जायचो. खंडेराव पाय उशीवर ठेवून तयार असायचे आणि माझ्या संदेशांवर बोलायचे. हा माणूस कधी चर्चची पायरी चढलेला नाही, पण माझे जेवढे संदेश त्याने ऐकले तेवढे पाळकसाहेबांनीही ऐकलेले नाहीत (ते मधे डोळे मिटतात). कुठला कधी दिला, कुठला दुसऱ्यांदा दिला, कुठल्यात मी रागाने शेवट विसरलो, सगळं तोंडपाठ. एक दिवस म्हणाले, "ते दोन बहिणींचं तुम्ही लय वेळा सांगता. एक सैपाकघरात राबती, दुसरी येशूच्या पायाशी बसून आयकत राहती, आन् ती दुसरी चांगली. व्हय ना?"

मी म्हणालो, थोडक्यात असंच.

"मंग मला सांगा, त्या दिवशी जेवले काय समदे?"

मी पट्टी गुंडाळत राहिलो. त्यांना वाटलं मी उत्तर तयार करतो आहे, म्हणून ते थांबले. दर वर्षी मी तो उतारा घेतला, दर वर्षी ऐकणाऱ्या मरीयेची बाजू घेतली आणि राबणाऱ्या मार्थेला चार शब्द सुनावले, आणि माझी बहीण मार्था, रात्रपाळी करून आलेली, हाताला फिनेलचा वास, तिसऱ्या बाकावर बसून ऐकत असायची. मला हे कधी सुचलं नाही. एका निवृत्त एसटी ड्रायव्हरला, भिंतीतून, सुचलं.

चार आठवड्यांत जखम भरत आली. कडेने गुलाबी मांस आलं. (हे गुलाबी म्हणजे चांगलं, हे मला शिकावं लागलं. तुला सांगतोय, ते सवयीने.) डॉक्टरांनी पाहिलं आणि विचारलं, ड्रेसिंग कोण करतं, हात चांगला आहे. मी दवाखान्यातून बाहेर पडलो तो जणू माझ्या हातांना वेगळी रिक्षा करावी असा. त्या आठवड्यात मी हात खिशात घातले नाहीत.

आणि इथे मला एक विचार सुचला. माझे विचार कसे असतात ते तू जाणतेस. मी मंडळीसमोर पाय धुईन म्हणालो होतो आणि प्रत्यक्षात नुसतं ड्रेसिंग चाललं होतं. धुणं झालंच नव्हतं. तरुण संघाची सेक्रेटरी आरोही, तिशीची, हुशार मुलगी, तिने विचारलं होतं की गुरुवारच्या उपासनेत पडद्यावर दाखवायला एखादा फोटो मिळेल का. म्हणून पाचव्या रविवारी दुपारी मी आईचं पितळेचं घंगाळ काढलं. (हो, ते माझ्याकडे आहे. मातीनंतर मी ते घेऊन आलो आणि त्यात मनीप्लांट लावला.) तेच घंगाळ, ज्यात तू आधी कोपर बुडवून पाणी पाहायचीस आणि मग आईचं अंग पुसायचीस. मी चिंचेने घासून लखलखीत केलं. कमरेला टॉवेल बांधला. डावा पाय भिजवायचा नाही एवढी अक्कल मला होती, म्हणून उजवा, चांगला पाय निवडला. फोटो सुरेख आला. वाफ दिसते, पितळ चमकतं आणि माझ्या चेहऱ्यावर नम्रता आहे. खंडेराव मात्र कॅमेऱ्याकडे न पाहता माझ्याकडे पाहत आहेत, चालत्या गाडीत प्रवासी नीट बसला का बघावं तसे.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे परवाच, तो फोटो तालीम म्हणून पडद्यावर दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चर्चमध्ये टाळ्या वाजवू नयेत असं मीच दहा वर्षं सांगत आलो आहे.

आता खरं सांगायला हवं, कारण सलीम आठ वाजता निघतो. खंडेरावांच्या उजव्या टाचेवर दुसरी जखम झाली आहे. आधी फोड आला, मोठा. तो फुटला. ते सगळ्यांना सांगतात की गरम पाण्याची पिशवी उशाला होती ती पायाशी सरकली. डॉक्टरांना दाखवू दिलं नाही, मोजा चढवून बसले. कालपासून टाचेवर काळं दिसतं आहे, रुंदीला माझा अंगठा बसेल एवढं, आणि काल दुपारपासून अंगात ताप आहे. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, वाट पाहू नका, ताबडतोब आणा. मी काल संध्याकाळी अँब्युलन्स बोलावली. गाडी आली, दोघं जण स्ट्रेचर घेऊन उतरले, आणि खंडेरावांनी दार आतून लावून घेतलं. खिडकीतून त्या दोघांना म्हणाले, "पेशंट सिन्नरला गेला." एकाने विचारलं, तुम्ही कोण? म्हणाले, "मी त्याचा ड्रायव्हर." गाडी अर्धा तास थांबून परत गेली.

रविराजला कळवायचं नाही असा शब्द त्यांनी माझ्याकडून घेतला होता. (शपथ घाला म्हणाले. मी म्हणालो, आम्ही शपथ घेत नाही. म्हणाले, मंग नुसता शब्द द्या, तुमच्याकडं शब्द लय असत्यात.) तो शब्द मी काल मोडला. रविराज उद्या दुपारी पोहोचतो. डॉक्टर म्हणतात, उद्या दुपार फार लांब आहे, अशा तापात पाय जातो आणि कधी कधी माणूसही जातो. मी हे खंडेरावांना खिडकीतून सांगितलं, जमेल तितक्या कळकळीने सांगितलं, माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण मी काल त्या खिडकीला दिलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि आतून काठीचे दोन ठोके आले.

मग बऱ्याच वेळाने त्यांनी दार उघडलं, फक्त फटीएवढं. म्हणाले, "मास्तर, तुम्ही चांगले हाय. पर तुमच्या बोलन्यावर मी पाय देनार नाय. तुमच्या बहिणीला आना. माझ्या बायकोच्या टायमाला समदे डाक्टर गोल गोल बोलत व्हते. तिनं मला जिन्यात थांबवलं आन् चार शब्दात सांगितलं. म्हणून मला तिच्यापाशी बसायला आठ दिवस भेटले. ती म्हणली काप, तर कापू द्या. ती म्हणली राहू द्या, तर राहू द्या. बाकी कोनाचं मी आयकनार नाय."

तुझी आठवण या भिंतीत अकरा वर्षं होती, ताई. मी एकोणीस वर्षं बोलतो आहे आणि माझ्या वाट्याला फक्त ठोके आले.

बाकी सर्व क्षेम. संध्याने तुला सलाम सांगितला आहे. देव तुला सांभाळो, आणि तू ज्यांना सांभाळतेस त्यांनाही.

तुझा धाकटा,
शांतवन

ता.क. वर मी गरम पाण्याच्या पिशवीबद्दल लिहिलं ते खंडेराव सांगतात तसं लिहिलं. पिशवी नव्हती. त्यांच्या घरात तशी पिशवीच नाही, मी शोधली. पाणी मी तापवलं होतं. फोटोत वाफ दिसावी म्हणून हीटर काढल्यावर लगेच घंगाळात ओतलं, आणि हात घालून पाहिला नाही, कारण आरोही फोन धरून उभी होती आणि हात आधी ओला झाला असता तर चित्र बिघडलं असतं. त्यांना उजव्या पायातही काही कळत नाही, हे मला महिनाभर ठाऊक होतं. मी त्यांचा पाय घोट्याच्या वर दोन्ही हातांनी धरून त्या पाण्यात ठेवला आणि तीन फोटो होईपर्यंत वर येऊ दिला नाही. डावा पाय मी वाचवला आणि उजवा मी भाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोड त्यांनी आधी पाहिला आणि मी काही बोलायच्या आत संध्याला म्हणाले की रातच्याला पिशवी सरकली. मी समोर उभा होतो. मी ते तसंच जाऊ दिलं. संध्या गेल्यावर मला म्हणाले, "मास्तर, रविवारी तुम्हाला लोकांसमोर उभं राहायचंय. माझं काय, मी घरातच असतो."

ज्याने दोन वर्षांपूर्वी माझ्याविरुद्ध अर्ज केला होता, तो हा माणूस. मी हे तुला लिहितो आहे, कारण यावर मला ऐकवण्याचा अधिकार फक्त तुझा आहे, आणि जे मी त्यावर बोलू शकलो असतो ते मी बोलणार नाही.

ता.क. दुसरं. आत्ता पाळकसाहेबांकडे जाऊन आलो. हे सगळं त्यांना सांगितलं, फोटो काढून टाका म्हणालो आणि गुरुवारचा संदेश देणार नाही म्हणालो. संदेशाऐवजी उभा राहून पाण्याची हकीकत सांगेन, पिशवीसकट, पाच मिनिटांत. त्यांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, बाकीची पंचवीस मिनिटं भरायची कशी. मी म्हणालो, त्या वेळात लोकांना घरी जाऊन कोणाचं तरी काहीतरी धुऊ द्या. त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणजे गुरुवारी ते माझ्या नावाने बोललं जाणार, याला इलाज नाही.

ता.क. तिसरं, आणि पत्र खरं इथून सुरू होतं. आईच्या मातीच्या दिवशी मी सेवेवर पन्नास मिनिटं बोललो आणि दर दुसऱ्या वाक्यात म्हणालो की आम्ही तिचं केलं. तू मधेच उठलीस, स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांची भांडी घासलीस आणि सकाळच्या एसटीने गेलीस. त्या भाषणाबद्दल लोक अजून मला भेटून सांगतात. त्यात एक वाक्य राहिलं होतं. आईचं सगळं तू केलंस. मी दारात उभा होतो.

याला उत्तर नको. मला माफ करायलाही सवड काढू नकोस, त्याला नंतर वेळ आहे. खंडेरावांचं अंग तापलं आहे आणि ते खुर्चीत बसून दाराकडे बघत आहेत. तू यायचं, पाय पाहायचा आणि त्यांना जे असेल ते चार शब्दांत सांगायचं. अँब्युलन्स मी दुपारपासून गल्लीच्या तोंडाशी उभी करतो आहे. दवाखान्यात जागा सांगून ठेवली आहे. पुढचं धुणं, पुसणं, बदलणं, रात्री उठणं, ते तुझं नाही. घंगाळातला मनीप्लांट मी काढून टाकला आहे आणि कोपर कसा बुडवायचा ते तू मला एकदा दाखव, एवढंच.

सलीम आज माल उतरवून लगेच फिरणार आहे, त्याने दोन दुकानं उद्यावर टाकली आहेत. पुढची सीट रिकामी आहे, त्यावर संध्याने तुझ्या गुडघ्यासाठी उशी ठेवली आहे. चहाचा कप तसाच राहू दे. चपला घाल आणि गाडीत बस.